आधी ‘आपला माणूस’, मग कार्पेटचं बिल: इंग्लंडमधल्या मराठी घरमालकांना खुलं पत्र

घरमालक दादा-वहिनींनो,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात रेडिंगला नव्याने शिकायला आलेल्या एका मुलीने मला एक मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, ‘ताई, हे इथे असंच असतं का?’ मेसेज तुमच्याच एका ग्रुपवरचा, कुणाच्या तरी हातून बाहेर सुटलेला. मजकूर साधारण असा: नव्या बॅचच्या मुलांकडून डिपॉझिटव्यतिरिक्त कार्पेटचे म्हणून पाचशे पौंड वेगळे घ्यावेत, रोख घ्यावेत, आपल्या जेवणात हळद असते, कार्पेट जातंच, नंतर वाद नकोत. खाली अंगठ्यांची रांग. एकानेही ‘अहो, हे कायद्यात बसतं का?’ असं विचारलेलं दिसलं नाही. म्हणून मी विचारते आहे, आणि सगळ्यांसमोर विचारते आहे, कारण मला या कार्पेटाचा चांगलाच अनुभव आहे.

आम्ही २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये आलो. नवरा, मी आणि दोन वर्षांची मुलगी. एजंटकडे गेलो तर तो म्हणाला, इथली क्रेडिट हिस्टरी दाखवा, नाहीतर इथला हमीदार आणा, तेही नसेल तर सहा महिन्यांचं भाडं आगाऊ भरा. नुकत्याच विमानातून उतरलेल्या माणसाकडे यातलं काय असणार? मग ओळखीतून ओळख निघाली आणि तुमच्यातल्याच एका दादांनी त्यांचा दोन बेडरूमचा फ्लॅट आम्हाला दिला. चावी द्यायला स्वतः आले. दारात बूट काढले, मुलीच्या हातात चॉकलेट दिलं, वहिनींनी पाठवलेला पोळी-भाजीचा डबा ओट्यावर ठेवला. परक्या देशातली पहिली रात्र त्या डब्यावर गेली, हे मी विसरलेले नाही. आज लिहिते आहे ते विसरून लिहीत नाही.

भाडं महिना १३०० पौंड. डिपॉझिट दोन महिन्यांचं, २६००. मी म्हटलं, घराची स्थिती लिहून घेऊया का, फोटो काढूया का? तर दादा हसले. ‘अगं, आपल्या माणसांत कसली इन्व्हेंटरी? तू काय माझं कार्पेट पळवून नेणार आहेस?’ मीही हसले. तिथेच चुकले.

आता डागाबद्दल. तो आम्हीच पाडला, आधीच कबूल करते. २०२३ चा फेब्रुवारी होता. लेकीने हॉलमध्ये वरणाची वाटी उलटी केली, सोफ्याच्या डाव्या पायाशी. टिपून घेतलं तेव्हा तळहाताएवढा पिवळा गोल उरला. मी घाईघाईत कपडे धुण्याच्या पावडरीचा फेस केला आणि घासायला बसले, तर पिवळा गोल डोळ्यांदेखत लाल झाला! क्षणभर वाटलं, माझंच बोट कापलं. मग आजीचं कुंकू आठवलं. हळदीला चुना लागला की ती लाल होते, आणि पावडरीतला सोडाही तेच करतो. व्हिनेगर टाकलं, पुन्हा पिवळा. हळदीचा रंग उन्हात उडतो, हे आपल्या घरात सगळ्यांना ठाऊक असतं. साडीवर डाग पडला की धुऊन दोरीवर टाकायची. पण भिंतीपासून भिंतीपर्यंत ठोकलेलं कार्पेट कुठल्या दोरीवर टाकणार? आणि रेडिंगच्या फेब्रुवारीत ऊन तरी कुठलं! त्याच संध्याकाळी मी दादांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर माझ्याकडे अजून आहे: ‘असू दे गं, लहान मूल आहे. जुनंच आहे ते.’

जुनंच होतं. फ्लॅट घेतला त्या वर्षी, म्हणजे २०१६ ला टाकलेलं, हे एका गणपतीत जेवताना त्यांनीच आम्हाला सांगितलं होतं.

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये आम्ही घर सोडलं. दादा पाहणीला आले ते बूट न काढता. चार वर्षांत पहिल्यांदा. हातात मोजपट्टी. हॉलमधल्या डागापाशी उकिडवे बसले, फोटो काढले, मग दोन्ही बेडरूममध्ये गेले, पलंगाच्या पायांनी पडलेल्या खळग्यांचे फोटो काढले, दारापासून स्वयंपाकघरापर्यंतच्या येण्याजाण्याच्या पट्ट्याचे काढले. आठवड्याने कोटेशन आलं. हॉलचं नवीन कार्पेट ७२० पौंड, दोन बेडरूमची प्रत्येकी ४७०, आणि कार्पेट धुण्याचे १८०. एकूण १८४०. आमच्या खात्यात परत आले ७६०.

ते धुण्याचे १८० पाहून मी खरंच दोनदा बिल वाचलं. जे कार्पेट उचकटून फेकणार आहात, ते आधी धुऊन का घेतलंत?

दादा म्हणाले, ‘सगळे असंच करतात.’ म्हणून मी चार जणांना विचारलं. चौघांच्याही गोष्टी थोड्याफार अशाच निघाल्या, चौघांचेही घरमालक आपलेच. म्हणून हे पत्र एकट्या दादांना नाही, तुम्हा सगळ्यांना आहे. माझ्या पैशांचं काय करायचं ते मी रीतसर करते आहे, त्याची चर्चा इथे नको.

माझी पहिली तक्रार डिपॉझिट ठेवण्याची. इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २००७ पासून सर्वसाधारण भाडेकरारावर घेतलेलं डिपॉझिट सरकारमान्य स्कीममध्ये नोंदवावं लागतं. डिपॉझिट प्रोटेक्शन सर्व्हिस, मायडिपॉझिट्स, टेनन्सी डिपॉझिट स्कीम, या तिघांपैकी कुठेही. पैसे हातात आल्यापासून तीस दिवसांत नोंदवायचे आणि त्याची लेखी माहिती भाडेकरूला द्यायची. पैसे स्कीमकडेच ठेवले तर घरमालकाला एक पेनीही खर्च येत नाही. आमचे २६०० चार वर्षं दादांच्या स्वतःच्या खात्यात होते. नोंदवलं नाही तर भाडेकरू कोर्टात जाऊन डिपॉझिटच्या एक ते तीन पटींपर्यंत रक्कम मागू शकतो, आणि घर सोडलं म्हणून तो हक्क लगेच संपत नाही. हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. माहीत नसतं तर ‘रोख घ्या’ असं त्या मेसेजमध्ये कशाला आलं असतं?

(तुम्ही स्वतः राहता त्याच घरातली एखादी खोली दिली असेल तर स्कीमचं बंधन नाही, हे मला ठाऊक आहे. पुढे सांगते ती मर्यादा मात्र तिथेही लागू आहे.)

ती मर्यादा म्हणजे पाच आठवड्यांचं भाडं. १ जून २०१९ पासून लागू झालेल्या टेनंट फीज ॲक्टप्रमाणे, वर्षाचं भाडं पन्नास हजार पौंडांच्या आत असेल तर डिपॉझिट याहून जास्त घेता येत नाही. आमच्या भाड्याचा हिशोब केला तर बरोबर १५०० येतात. दादांनी ११०० जास्त घेतले. ‘पुण्या-मुंबईत किती घेतात ठाऊक आहे ना?’ हे त्यांचं उत्तर. ठाऊक आहे. पण घर रेडिंगला आहे. आणि ते पाचशे ‘कार्पेटचे’ म्हणून घ्या की ‘देवाचे’ म्हणून घ्या, डिपॉझिट म्हणून घेतले तर ते या पाच आठवड्यांतच मोजायचे, आणि फी म्हणून घेतले तर तशी फी घ्यायलाच या कायद्याने बंदी आहे. घर सोडताना पैसे देऊन कार्पेट धुऊन घेतलंच पाहिजे, अशी सक्तीही करता येत नाही. आलो तेव्हा जितकं स्वच्छ होतं तितकं स्वच्छ करून द्यायचं, एवढीच भाडेकरूची जबाबदारी. मग ते मी गुडघ्यावर बसून करेन नाहीतर माणूस बोलावून.

आता झीज. इथल्या वादांत झिजेची व्याख्या सरळ आहे: भाडेकरूने केलेल्या वाजवी वापराने आणि निसर्गक्रमाने जे होतं ते. किती माणसं राहत होती, लहान मूल होतं का, किती वर्षं राहिले, कार्पेट कुठल्या प्रतीचं होतं, हे सगळं त्यात बघतात. माणूस घरात चालणार, त्याची वाट पडणार. पलंग उचलून हातात धरून कोणी झोपत नाही, त्याच्या पायांचे खळगे पडणार. याला नुकसान म्हणत नाहीत. याचंच तर भाडं भरलं, चार वर्षं, महिन्याला १३००.

डाग मात्र झीज नाही. तो माझा. पण त्याची किंमत काय? इथे माझं खरं भांडण आहे. नऊ वर्षं वापरलेल्या कार्पेटाच्या जागी नवंकोरं कार्पेट भाडेकरूच्या पैशाने मिळणं, याला डिपॉझिट स्कीमचे लवाद, म्हणजे वादाचा निवाडा करणारे, मान्यता देत नाहीत. तोट्याची भरपाई होते, नफा काढता येत नाही. हिशोब असा करतात: कार्पेटाची किंमत, त्याचं एकूण आयुष्य, त्यातलं गेलेलं किती, राहिलेलं किती. दादांच्या बाजूने झुकतं माप देऊन आयुष्य दहा वर्षांचं धरू. भाड्याच्या घरातलं साधं कार्पेट इतकं टिकतही नाही, पण धरू. नऊ गेली, एक राहिलं. हॉलच्या ७२० चा दहावा हिस्सा, ७२ पौंड. बेडरूममध्ये डागच नव्हता, म्हणजे तिथे शून्य. मी वाद टाळायला १०० देऊ केले होते. कापले १८४०.

आपल्या गावाकडे असं कोणी केलं असतं तर तुम्हीच काय म्हणाला असता? दहा वर्षं वापरलेली सतरंजी शेजाऱ्याला लग्नघरासाठी दिली, त्यावर आमटी सांडली, तर नव्या सतरंजीचे पैसे मागायला तुमची आई गेली असती का?

आणखी एक गोष्ट, जी भाडेकरूंना कोणी सांगत नाही. भाड्याच्या घरातलं जुनं कार्पेट काढून तसंच नवं टाकलं, तर त्याचा खर्च भाड्याच्या उत्पन्नातून वजा करून कर भरायची सवलत घरमालकाला एप्रिल २०१६ पासून आहे. सवलत जरूर घ्या, तुमचा हक्क आहे. पण तोच खर्च भाडेकरूच्या डिपॉझिटमधून कापायचा, ती रक्कम उत्पन्नात दाखवायची नाही आणि खर्च मात्र वजा दाखवायचा, हे जमणार नाही. तुमच्यापैकी किती जण तसं करतात ते तुमचं तुम्हाला ठाऊक.

पुराव्याचंही बोलायला हवं. डिपॉझिट हे भाडेकरूचे पैसे असतात, म्हणून त्यातून का कापले हे सिद्ध करायचं काम घरमालकाचं. येतानाची इन्व्हेंटरी नाही, फोटो नाहीत, तर घरमालकाच्या हातात काहीच नाही. म्हणजे ‘आपल्या माणसांत कसली इन्व्हेंटरी’ म्हणून दादांनी खरं तर स्वतःचंच नुकसान करून घेतलं होतं! पण डिपॉझिट स्कीममध्ये नव्हतं, त्यामुळे फुकटात निवाडा करणारा लवादही उरला नाही. उरलं कोर्ट, आणि कोर्टाचं नाव काढलं की लगेच एका ज्येष्ठांचा फोन: ‘अगं, हजार-दोन हजारांसाठी? गणपतीत एका पंगतीला बसायचंय आपल्याला.’

हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. चावी देताना आपण एका पंगतीतले, म्हणून कागद नको. पैसे कापताना मोजपट्टी आणि बूट. आणि मी हिशोब मागितला की पुन्हा पंगत. नातं सांगायचं तर ते निघतानाही सांगा. व्यवहार करायचा तर तो पहिल्या दिवसापासून करा. तुमच्या सोयीने कधी हे आणि कधी ते, असं नको.

तुमच्या बाजूचं मला काहीच दिसत नाही असं नाही. कर्जाचं पूर्ण व्याज भाड्यातून वजा करायची सोय २०१७ पासून कमी करत करत २०२० ला गेली, त्यात पुढे व्याजदर वाढले. शेवटच्या महिन्याचं भाडं बुडवून ‘डिपॉझिटमधून घ्या’ म्हणत रातोरात गायब होणारे भाडेकरू आपल्यातही आहेत. इस्त्री कार्पेटवर पालथी ठेवून त्यावर सोफा सरकवणारे महाभागही मला माहीत आहेत. त्यांच्याकडून जरूर वसूल करा. पण वसुलीला लागणारे कागद तेच आहेत, जे तुम्ही आमच्याबरोबर करायला तयार नसता.

आणि तुमच्यातले जे खूप आधी आले, त्यांना माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. काळ्या-तपकिरी माणसाला घर नाकारणं या देशात १९६८ च्या रेस रिलेशन्स ॲक्टपर्यंत बेकायदासुद्धा नव्हतं. त्या काळात एकाने घर घेतलं की त्यात पुढचे चार जण राहायचे, अशा गोष्टी मी इथल्या आजी-आजोबांकडून ऐकल्या आहेत. आज आलेल्या मुलाला दारावरून कोणी तसं हाकलत नाही, पण क्रेडिट हिस्टरी आणि हमीदार मागून एजंट बाहेर काढतोच. तो तुमच्या दाराशी येतो कारण त्याला दुसरं दार नसतं. त्याच्याकडून पाचशे रोख घेणं त्यामुळेच इतकं सोपं आहे.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

ते पाचशे पौंडांचं ठरवलंत ते मागे घ्या, आणि ज्यांच्याकडून आधीच घेतलेत त्यांना या महिन्यात परत करा.

भाडेकराराचं प्रत्येक डिपॉझिट स्कीममध्ये टाका. आधीची राहिली असतील तर आजच टाका. उशीर झाला तो झाला, पण निदान पैसे तरी सुरक्षित होतील. पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त घेतलेलं परत करा.

चावी देताना भाडेकरूबरोबर घरभर फिरून इन्व्हेंटरी करा. कार्पेट कोणत्या वर्षी टाकलं ते त्यात लिहा, असलेल्या डागांसकट फोटो काढा, दोघांनी सह्या करा. अर्धा तास लागतो. चहा भाडेकरू करेल.

निघताना कापायचं असेल तर वरचा ७२ पौंडांसारखा हिशोब मांडून लेखी पाठवा, जुनी पावती जोडून. नवीन कोटेशन म्हणजे हिशोब नाही. रक्कम दोघांना मान्य झाली की स्कीमच्या नियमाप्रमाणे दहा दिवसांत पैसे द्या, आणि मान्य नसेल तर लवादाकडे जायला आडकाठी करू नका. तिथे जाणारा भाडेकरू कृतघ्न नसतो. आणि कृपा करून ज्येष्ठांना फोन करायला लावू नका.

त्या मुलीला मी सध्या एवढंच सांगितलं आहे: रोख देऊ नकोस, आणि कोणी आग्रह केलाच तर ‘खात्यात टाकते, कशाचे ते लिहून द्या’ म्हण. तिने तसं म्हटलं. घरमालकांनी अजून उत्तर दिलेलं नाही. तिची बॅग मैत्रिणीच्या खोलीत पडून आहे.

पाडव्याच्या कार्यक्रमात आपण सगळे भेटूच. मी येणार आहे, श्रीखंडही नेहमीप्रमाणे करून आणणार आहे. या पत्राचं उत्तर तिथे कोपऱ्यात घेऊन तोंडी देऊ नका. ज्या ग्रुपवर तो मेसेज टाकलात, त्याच ग्रुपवर लेखी द्या.

आपली,
एक माजी भाडेकरू
रेडिंग